आठ महिने ज्ञान मागतेय, देव उत्तर का देत नाही?

ताई, प्रभूमध्ये सलाम.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही परिचारिका आहात. तालुक्याच्या गावी खासगी रुग्णालयात बारा वर्षं नोकरी झाली. आता आखातात काम मिळतंय, पगार इथल्या चौपट. यजमान तयार आहेत, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं सासूबाईंकडे राहतील असं ठरतंय, आणि एजंट तीन लाख रुपये मागतोय. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन धरून तुम्ही आठ महिने रोज पहाटे ज्ञान मागताय, दोनदा उपासही केलात, पण ‘जा’ की ‘थांब’ हे काही कळत नाही. मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांनी तर सांगून टाकलं की तुमच्या मनात संशय आहे म्हणून उत्तर अडलंय. तुम्ही विचारताय, माझा विश्वास कमी पडतोय का, आणि आता प्रार्थना करू तरी कशी?

छत्तीस वर्षं पाळक म्हणून काढली, त्यातली बरीचशी खेड्यांतल्या मंडळ्यांत. हा प्रश्न घेऊन माणसं माझ्याकडे सर्वांत जास्त आली आहेत आणि मी स्वतःही तो घेऊन रात्री जागलो आहे. म्हणून जरा लांब लिहितो.

आधी त्या संशयाच्या आरोपाबद्दल, कारण तो तुम्हांला आतून खातोय हे पत्रावरून दिसतं. याकोब पहिल्या अध्यायात म्हणतो की ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने देवाजवळ मागावं. देव दोष न लावता सगळ्यांना उदारपणे देतो. लगेच पुढे तो संशय धरणाऱ्याला समुद्राच्या लाटेची उपमा देतो आणि ‘द्विबुद्धीचा’ म्हणतो. हा शब्द मूळ ग्रीकमध्ये ‘दोन जीव असलेला’ असा आहे. एक जीव देवाकडे आणि दुसरा जीव दुसरीकडेच, अशा माणसाबद्दल याकोब बोलतोय. जायचं की थांबायचं हे ज्याला ठरवता येत नाही, त्याच्याबद्दल तो बोलतच नाही. ज्याला ठरवता येत नाही त्यालाच तर तो सांगतोय, ये आणि माग! तुम्हांला वाट कळत नाही, पण वाट दाखवणारा चांगला आहे याबद्दल तुमच्या मनात शंका नाही, नाहीतर आठ महिने पहाटे उठला नसता. या दोन अनिश्चितता वेगळ्या आहेत. त्या एकत्र करून कितीतरी भाबड्या, प्रामाणिक माणसांना आपण मंडळीत विनाकारण दोषी ठरवलं आहे. आणि ‘दोष न लावता’ हे शब्द विसरू नका. एकच गोष्ट आठ महिने विचारली म्हणून देव ओरडत नाही.

आता मुख्य गोष्ट. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात इथे ‘ज्ञान’ हा शब्द आहे. शब्द चांगला आहे, पण रोजच्या बोलण्यात ज्ञान म्हटलं की आपल्याला माहिती आठवते. सामान्यज्ञान, विज्ञान, शाळेतलं ज्ञान. त्यामुळे ‘प्रभू, मला ज्ञान दे’ म्हणताना आपण नकळत माहितीची वाट पाहत बसतो. अमुक कर, तमुक करू नको, एवढं वरून कळलं की झालं. माझी आजी ज्याला शहाणपण म्हणायची, ते याकोबाला म्हणायचं आहे. शहाणपण निरोपासारखं एका क्षणी येऊन पडत नाही. ते माणसात मुरावं लागतं, आणि मुरत असताना बऱ्याचदा त्या माणसाला पत्ताही नसतो.

शलमोनाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली असते, पण त्याने नेमकं काय मागितलं हे नीट वाचा. १ राजे, तिसरा अध्याय. गिबोनात रात्री स्वप्नात देव विचारतो, काय देऊ? शलमोन म्हणतो, मी लहान मूल आहे, कसं वागावं हे मला समजत नाही. आणि मग तो जे मागतो त्याचे मूळ हिब्रू शब्द अक्षरशः ‘ऐकणारं हृदय’ असे आहेत. ते त्याला मिळालं. पण देवाने त्याच्या हातात निकालांची यादी दिली नाही. त्याच अध्यायात दोन स्त्रिया एका बाळावरून भांडत येतात. खरी आई कोण हे सांगणारी कोणतीही वाणी तिथे होत नाही. शलमोन दोघींचं बोलणं ऐकतो, ते जसंच्या तसं पुन्हा बोलून दाखवतो, आणि मग एक युक्ती करतो जिच्यामुळे आईचं मन उघडं पडतं. देवाने दिलेलं शहाणपण असं दिसलं. राजाने स्वतः ऐकलं, स्वतः विचार केला, स्वतः ठरवलं, आणि लोकांनी पाहिलं की याच्या ठायी देवाचं ज्ञान आहे.

म्हणून तुमच्या आठ महिन्यांत काहीच आलं नाही, हे मी मानत नाही. तुमच्या पत्रातच तीन गोष्टी अशा आहेत, ज्या आठ महिन्यांपूर्वी तुम्ही लिहिल्या नसत्या. धाकटा रात्री तुमच्याशिवाय झोपत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या सांगत नाहीत. यजमान ‘जा’ म्हणताना तुमच्याकडे बघत नाहीत. हे तुम्हांला दिसायला लागलं आहे. ऐकणारं हृदय याच्याहून वेगळं काय असतं?

याच गिबोनाची आणखी एक जुनी गोष्ट शास्त्रात आहे, आणि ती मला शलमोनाच्या गोष्टीइतकीच मोलाची वाटते. यहोशवाच्या पुस्तकाचा नववा अध्याय. गिबोनचे लोक जवळच राहत होते, पण जुनी गोणपाटं, फाटके द्राक्षारसाचे बुधले, ठिगळाची पादत्राणं आणि बुरसलेल्या भाकरी घेऊन आले आणि म्हणाले, आम्ही फार दूरच्या देशाचे. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी भाकरी तपासून पाहिल्या, पुरावा पटला, करार करून टाकला. परमेश्वराला विचारलं नाही, एवढं एकच वाक्य लेखक त्यांच्याविरुद्ध लिहितो. तीन दिवसांनी कळलं की हे तर शेजारी. पुढे त्याच गावी शलमोनाने ‘ऐकणारं हृदय’ मागितलं. जिथे पूर्वजांनी विचारलं नाही, तिथेच हा विचारतो. पण यहोशवाचा तो अध्याय वाचून कुणी असा अर्थ काढू नये की पुरावा तपासणं चुकीचं होतं. त्यांनी तपासलं ते अर्धवट. भाकरीकडे पाहिलं आणि तिथेच थांबले.

इथे तुमच्या एजंटाबद्दल स्पष्ट बोलतो. परदेशी नोकरीसाठी नोंदणी असलेल्या एजंटाला भारतातल्या नियमांप्रमाणे ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची नावं पाहता येतात. तीन लाख मागणाऱ्या माणसाबद्दल देवाकडे चिन्ह मागण्याची गरज नाही, ताई. तिथे नाव शोधा. करारपत्राची प्रत मागा, ती मिळेपर्यंत एक रुपया देऊ नका. नोकरी खरी असेल आणि एजंट खोटा असेल असंही होतं, म्हणून त्या रुग्णालयाशी थेट संपर्क करून पाहा. हेही प्रार्थनेचंच काम आहे, असं मी मनापासून म्हणतो.

पारसाच्या राजाच्या पदरी असलेल्या यहूदी नहेम्याकडे पाहा. यरुशलेमची भिंत पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली आणि राजासमोर बोलायची वेळ आली ती नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. या काळात तो उपास करत होता, रडत होता, मागत होता. राजाने एकदम विचारलं, तुला काय पाहिजे? त्या क्षणी त्याने मनातल्या मनात प्रार्थना केली आणि लगेच तोंड उघडलं. किती दिवस लागतील, कोणत्या अधिकाऱ्यांना पत्रं हवीत, लाकडासाठी राजाच्या वनाचा अधिकारी आसाफ याला काय लिहावं लागेल, सगळं तयार! चार महिने गुडघ्यांवर असताना त्याचं डोकं बंद नव्हतं. ती क्षणभराची प्रार्थना पुष्कळांना आवडते, मलाही आवडते, पण तिच्यामागे ते चार महिने उभे आहेत.

आपल्या मराठी मातीतही हे दिसतं. पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली-बायकांचा संसार चालवत होत्या, आणि साध्या बाईलाही शास्त्र समजावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. १९२२ साली त्यांचं निधन झालं, तोवर ते काम त्यांच्या हातात होतं. मुक्ती प्रार्थनेवर चालते हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच प्रार्थना करणाऱ्या बाई व्याकरण घोकत होत्या.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. तुम्ही त्याच वळणावर उभ्या आहात म्हणून सांगतोय.

सेवेच्या सातव्या वर्षी मला शहरातल्या मोठ्या मंडळीचं बोलावणं आलं. मी तीन दिवस उपास केला. तिसऱ्या दिवशी शास्त्र उघडलं, बोट ठेवलं, आणि उत्पत्तीचा बारावा अध्याय निघाला, अब्राहामाला देश सोडून जायची आज्ञा. मी आनंदाने रडलो. पत्नीला सांगितलं, देवाचा शब्द आला. ती गप्प राहिली. तिची आई त्याच गावात आजारी होती. आम्ही निघायच्या आदल्या आठवड्यात मंडळीतल्या एक वृद्ध बाई, अक्षर न शिकलेल्या, मला वाटेत थांबवून म्हणाल्या, “पाळकसाहेब, तुम्ही देवाला इचारलं का कळवलं?” मला राग आला. त्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. पत्नी पोहोचेपर्यंत पुलावरून पाणी होतं.

पत्नीने मला कधी दोष दिला नाही. पण उपासाच्या त्या तीन दिवसांत मी तिला एकदाही ‘तुला काय वाटतं’ असं विचारलं नव्हतं. देव तिच्या तोंडून बोलू शकेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अब्राहामाचं वचन खरं होतं, पण ते अब्राहामाला दिलेलं होतं. मला जायचं होतं, आणि मी जाण्याचं वचन शोधलं.

तेव्हापासून मी बोट ठेवून वचन काढत नाही, आणि कुणाला काढू देत नाही. वर्षअखेरच्या उपासनेत वचनाची चिठ्ठी घेणं वेगळं. ती मीही घेतो, वर्षभर मनन करायला बरी पडते. पण त्या चिठ्ठीवर नोकरी, लग्न, जमिनीचा व्यवहार ठरवू नये. गिदोनाच्या लोकरीचा दाखला नेहमी दिला जातो. लोकर पसरून तिच्यावरच्या दवाचं चिन्ह त्याने देवाकडे मागितलं होतं. गिदोनाने लोकर पसरली तेव्हा काय करायचं हे देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं. त्याला धीर होत नव्हता, आणि देवाने त्याच्या दुर्बळपणाला सांभाळून घेतलं. त्या गोष्टीतून देवाची दया शिकावी. पद्धत शिकू नये.

दुसरी एक गोष्ट मंडळीत फार ऐकू येते, ‘मनात शांती असेल तर ती देवाची इच्छा’. एवढ्यावर विसंबू नका. योना देवापासून पळत होता तेव्हा वादळात जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. आणि आपला प्रभू गेथशेमाने बागेत पित्याच्या इच्छेच्या अगदी मधोमध होता, तेव्हा त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. धाकट्याला सोडून जाताना तुमचं काळीज तुटेल. ते तुटलं म्हणजे देव ‘नाही’ म्हणाला, असं नाही. आणि पगाराचा आकडा ऐकून हलकं वाटलं म्हणजे देव ‘हो’ म्हणाला, असंही नाही.

मग प्रार्थना कशी करायची? मी काय करतो ते सांगतो.

एक वही घ्या आणि तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. आज तुम्ही लिहाल, ‘मी आखातात जाऊ की नको?’ त्याखाली, प्रभूने गेथशेमानेत केलं तसं, आधी स्वतःची इच्छा उघड सांगा. हा प्याला टळो, असं तो स्पष्ट म्हणाला, मग पित्याच्या इच्छेला शरण गेला. आपण मात्र इच्छा लपवून थेट ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ म्हणतो, आणि मग ती लपवलेली इच्छाच देवाचा आवाज काढून बोलायला लागते. तुम्हांला जायचं असेल तर लिहा, मला जायचं आहे. इथल्या पगारात, इथल्या अपमानात जीव घुसमटतो, हेही लिहा. पत्रात तुम्ही ते अर्ध्या ओळीत उरकलं आहे. माझ्या मते ते सगळ्यात वर यायला हवं.

मग रोज तोच प्रश्न वाचून मागा, आणि आठ-दहा दिवसांनी तो पुन्हा लिहा. तो बदलतो. नेवासे तालुक्यात दोन सख्खे भाऊ बांधावरून वर्षभर बोलत नव्हते. थोरला माझ्याकडे येऊन म्हणायचा, कोर्टात जाऊ का याबद्दल देवाचं ज्ञान मागा. मी म्हटलं, आपण दोघं मागू, पण तू लिही. पहिल्या पानावर होतं, ‘कोर्टात जाऊ का?’ तीन आठवड्यांनी त्याने लिहिलं, ‘त्याच्या घरी कसा जाऊ?’ त्या दिवशी मला कळलं की उत्तर आलं. दोघांनी मिळून सरकारी मोजणीचा अर्ज केला. बांध थोरल्याकडूनच धाकट्याच्या जमिनीत चार फूट सरकलेला निघाला आणि थोरल्याने तो मागे घेतला.

सुचलेल्या गोष्टीची परीक्षा करायला याकोबाच्याच पत्राचा तिसरा अध्याय पुरतो. वरून येणारं ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, दयेने भरलेलं असतं असं तो सांगतो, आणि त्या यादीत एक शब्दप्रयोग आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो: ‘समजूत होण्याजोगे’. म्हणजे देवाकडून आलेल्या ज्ञानाला कुणी प्रश्न विचारला तर ते चवताळत नाही, ऐकून घेतं. त्या वृद्ध बाईंच्या प्रश्नाने मला राग आला, तिथेच मला ओळखता यायला हवं होतं. तुमच्या घरात ‘जाण्याबद्दल आता चर्चा नको’ असं कोण म्हणतंय, ते पाहा.

सल्ला दोघा-तिघांचा घ्या. त्यातला एक जण तरी असा हवा की तुमच्या जाण्याने किंवा थांबण्याने त्याचा काही फायदा-तोटा नाही. एक जण आखातात काम करून परत आलेली परिचारिका हवी. मिशन रुग्णालयांत शिकलेल्या अशा पुष्कळ बहिणी आपल्या भागात आहेत. तिला पगारापेक्षा मुलांबद्दल विचारा. यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, या अंत्युखियाच्या मंडळीतल्या वादात प्रेषित आणि वडील यरुशलेमात जमले, भरपूर वादविवाद झाला, आणि मगच त्यांनी लिहिलं की पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटलं. ‘आत्म्याला’ आणि ‘आम्हांला’ हे दोन्ही शब्द एका वाक्यात लिहायला ते घाबरले नाहीत.

यजमानांची खात्री आणि तुमची खात्री एकाच दिवशी होईल अशी अपेक्षा धरू नका. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी, स्वतः पारखून तो निर्णय घेतला. तो काळ त्या घराला किती जड गेला हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण पुढे लक्ष्मीबाईंचा विश्वास उसना वाटला नाही, याचं कारण त्या पाच वर्षांत आहे असं मला वाटतं.

आणखी एक शक्यता सांगतो, जी आपल्या लोकांना पचायला जड जाते. कधीकधी देव दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो. पौल करिंथकरांस लिहिताना विधवेच्या पुनर्विवाहाबद्दल म्हणतो, तिला इच्छा असेल त्याच्याशी तिने लग्न करावं, मात्र प्रभूमध्ये, म्हणजे विश्वासणाऱ्याशी. माणूस निवडायचा तिने. तुम्ही गेलात तर तिथे आजाऱ्यांची सेवा कराल आणि मुलांच्या शिक्षणाला हातभार लागेल. थांबलात तर मुलांजवळ असाल. यात पाप कुठेच नाही. बाप मोठ्या झालेल्या लेकीला म्हणतो ना, तू ठरव, मी आहे. आठ महिन्यांची शांतता तशीही असू शकते.

म्हणून एक तारीख ठरवा. एजंटाची चौकशी, करारपत्र, त्या परिचारिकेशी बोलणं, यजमानांशी एक संध्याकाळ मोबाईल बाजूला ठेवून बसणं, याला सहा आठवडे पुरेत. त्या दिवशी सकाळी प्रार्थना करून ठरवा आणि कागदावर लिहा. वर्षभराने चुकलं असं वाटलं, तर त्याच वचनाकडे परत या. तेव्हाही तो दोष न लावता देतो.

सासूबाईंशी मात्र त्याआधी बोला, आणि मुलं व यजमान समोर नसताना बोला. ‘सांभाळाल ना?’ असं विचारू नका, त्या ‘हो’च म्हणतील. रात्री धाकटा रडला तर तुम्ही काय कराल, असं विचारा, आणि त्या बोलेपर्यंत गप्प बसा. मी आणि पत्नी पहाटे साडेपाचला प्रार्थना करतो. उद्यापासून तुमच्या घरासाठी मागू. तारीख ठरली की कळवा.